घरीच असती!

पाहणीवाला दारात येतो, कागद काढतो आणि ओट्यावर बसलेल्या मालकांना विचारतो, "घरातल्या बाई काय करतात?" मालक तंबाखू मळत सांगतात, "काय न्हाय. घरीच असती." उत्तर बिनतोड. ते खोडून काढायला बाई घरात असावी लागते, आणि ती तर भांगलायला रानात गेलेली.

ही काहीच न करणारी बाई तांबडं फुटायच्या आत उठते. शेण काढते, धार काढते, चूल पेटवते, भाकरी थापते, पोरांना शाळेत धाडते आणि उरलेला रिकामा वेळ सत्कारणी लागावा म्हणून दिवसभर रानात वाकून असते. येताना डोक्यावर गवताचा भारा. रिकाम्या हातानं घरी येणं बरं दिसत नाही ना!

दुधाचं तर विचारूच नका. वैरण तिची, धार तिची, शेण तिचं. डेअरीचं खातं तेवढं मालकांचं, कारण बिलाचे पैसे मोजायचं अवजड काम बाईमाणसाला कसं झेपणार? जमिनीचंही तेच. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या १०० वहितीदारांत बाया जेमतेम १४. बाकीच्या रानात जातात त्या बहुधा हवापालटाला. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला; तो बांधापर्यंत आला आणि बांधावरच बसला.

सरकारनं मात्र घड्याळ लावून पाहिलं. २०१९च्या देशव्यापी पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं राबत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ साली पुन्हा मोजलं, तर बायांची मिनिटं २८९ झाली. १० मिनिटं वाचली! लगेच पुरुषांनीही आपली ९ कमी करून ८८वर आणली. समानता म्हणतात ती हीच. शिवाय ही सरासरी कामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे. पारावर बसणाऱ्यांनी उगाच हुरळून जाऊ नये.

बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा, हे लक्ष्मीमुक्तीच्या नावानं शरद जोशींची शेतकरी संघटना नव्वदीच्या सुरुवातीला गावोगाव सांगत होती. त्याला ३० वर्षं उलटून गेली. तलाठी कार्यालय आहे तिथंच आहे, आणि मालकांना वेळ भरपूर आहे.