मधला माणूस नको

पुण्यात महात्मा फुले मंडईच्या आसपास, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक इमारतीत एक केबलकाका असतात. बँकेतून निवृत्त, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि दाराआडच्या खुंटीला भाजीच्या पिशवीशेजारी वेटोळं करून टांगलेली निळी लॅन केबल. एका कॉम्प्युटरमधली फाइल दुसऱ्यात न्यायचे मार्ग जगात पुष्कळ आहेत. काकांना त्यातला एकच मान्य आहे: दोन कॉम्प्युटर, त्यांच्यात एक वायर, आणि मध्ये कुणीही नाही.

हे तत्त्वज्ञान मंडईतच पिकलेलं आहे. घाऊक बाजार गुलटेकडीला जायच्या आधीची मंडई काकांनी पाहिलीय. ‘माल शेतकऱ्याचा, पैसे गिऱ्हाइकाचे आणि बंगला अडत्याचा’ हा त्या काळाचा त्यांनी काढलेला सारांश. क्लाउड म्हणजे त्यांच्या लेखी नवा अडत्या. “ह्या खोलीतून त्या खोलीत जायचा माल आधी परक्याच्या गोदामात टाकायचा, मग आपला आपणच सोडवून आणायचा. वर महिन्याला भाडं! कशासाठी?”

हिशेब त्यांच्या बाजूने आहे, हे कबूल करायला हवं. लग्नाचं ऐंशी जीबीचं चित्रण घरच्या इंटरनेटवरून वर चढवायचं आणि पुन्हा खाली उतरवायचं, यात दिवस मोडतो. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असले आणि डिस्कने साथ दिली, तर केबल सेकंदाला शंभर-एकशेदहा एमबी ओढते. चित्रण पाव तासात पार. फक्त त्या पाव तासाच्या आधी काकांची एक अख्खी संध्याकाळ असते.

संध्याकाळची सुरुवात केबलपासून. विकतची तयार केबल काका वापरत नाहीत. तपकीर गल्लीतून मीटरवर वायर आणायची, कनेक्टर सुटे आणायचे आणि क्रिम्परने स्वतः दाबायचे. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम ते एका दमात म्हणतात. दुसऱ्या टोकाला केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल. “एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पडायला हवं. सरळ केबल लावलीस तर दोघंही बोलणार, ऐकणार कुणीच नाही. मंडईचा कट्टा होतो मग!”

जुन्या शंभर मेगाबिटच्या कार्डात आठातल्या चारच तारा कामाच्या असत, उरलेल्या चार नुसत्या हजेरीपुरत्या. काकांना त्यात वावगं वाटलं नाही, शेवटी त्यांची हयात बँकेत गेली होती. गिगाबिट आलं आणि आठही तारा कामाला लागल्या. मंडईचा मनोराही अष्टकोनी आहे, हा योगायोग नाही, असं त्यांचं मत आहे. पण गिगाबिटची कार्डं केबल सरळ की उलटी हे स्वतःच ओळखून जुळवून घेतात, याला मात्र ते आगाऊपणा म्हणतात.

मग पत्ते. १९२.१६८.१.१ हा काकांच्या कॉम्प्युटरचा, १९२.१६८.१.२ हा आलेल्याचा. उलट केलं तरी चालतं, असं एका भाच्याने सुचवून पाहिलं होतं. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही. काहीच आकडे भरले नाहीत तर विंडोज दोघांनाही १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते आपणहून देऊन टाकतं. पण न विचारता सांगितलेल्या पत्त्यावर पुण्यात कोण विश्वास ठेवतो?

फाइलला वाट चुकायची संधी मिळू नये म्हणून काका घरातला राउटरच बंद करतात. आतून काकूंचा आवाज येतो, “अहो, माझी मालिका!” तेवढ्यात पडद्यावर नेटवर्क पब्लिक असल्याची सूचना झळकते आणि काका भडकतात. “केबल माझी, टेबल माझं, पब्लिक कुठून आलं?” फायरवॉलशी त्यांचा वाद चहाचे दोन कप चालतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि काकांकडची वर्दळ वाढली. पिंपरीहून लॅपटॉप घेऊन येणारा थेट मंडईत उतरतो, त्याचं काकांना कौतुक. वनाजकडून येणाऱ्याला सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. “म्हणजे मध्ये स्विच आला,” काका खेदाने म्हणतात.

असाच एकदा पुतणीचा नवा लॅपटॉप आला. पातळ, देखणा आणि लॅनचं भोकच नसलेला. “मग ह्यात घालायचं काय?” काकांनी तो उलटासुलटा करून विचारलं. तिला ॲडॉप्टर आणायला तपकीर गल्लीत धाडलं आणि ती येईपर्यंत पाठ टेकली. दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे चारपर्यंत निश्चिंती.

काकांनी अडत्या हटवला, पेनड्राइव्ह हटवला, राउटर हटवला, पण या सगळ्यांच्या जागी एक मधला माणूस उरला होता आणि तो आता घोरत होता. पुतणीने ॲडॉप्टर लावला, खुंटीवरची केबल काढून दोन टोकं दोन पोर्टांत सरकवली. आकडे भरले नाहीत, तारांचे रंग पाहिले नाहीत. काकांच्या कॉम्प्युटरवर शेअरिंग चालूच होतं आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला काकांच्याच अक्षरात चिकटवलेला होता. ऐंशी जीबी पार झाले, तिने काकूंबरोबर चहा घेतला.

चार वाजता काका उठले. पडद्यावरची पूर्ण भरलेली हिरवी पट्टी त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली.

“झालं?”

“झालं काका. आपलं आपणच झालं.”

“मग काहीतरी चुकलंय,” काका म्हणाले आणि खिशातला टेस्टर काढून खुर्चीत बसले. “पुसून टाक सगळं. पहिल्यापासून करू.”