पहिलटकरांसाठी खरेदी-मार्गदर्शन : आधी हात मोजा

सातवा महिना लागला, डोहाळजेवण उरकलं, की घरात बाळाच्या आधी एक यादी जन्माला येते. मूल जन्मवजनाच्या दुप्पट व्हायला साधारण पाच महिने घेतं. यादी एका रविवारी दुपारी तिप्पट होते. ती शास्त्रोक्त रीतीने छाटावी, एवढाच प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू आहे. त्यासाठी इच्छुकांनी दुकानात शिरण्याआधी घरातले हात मोजावेत. कारण बाळासाठी विकायला ठेवलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू ही कुणाच्या तरी गैरहजर हाताची बदली कामगार असते. बॅटरीवर हलणारा पाळणा म्हणजे दोरी ओढणारा हात, प्रॅम म्हणजे कड, बाउन्सर म्हणजे पाय पसरून बसलेल्या मावशीची मांडी, आणि मोबाइलला जोडलेला कॅमेरा म्हणजे दर पाच मिनिटांनी दारातून डोकावणारी आत्या. जुना बाळंतविडा आठवून पाहा : दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, कुंची. यातलं काहीही आपणहून हलत नसे. खुळखुळासुद्धा कुणीतरी हलवावा लागे. हलवणारी माणसं यादीत लिहायची नसत, ती घरात असतच.

आता मोजणीची रीत. आईचे हात दोन, पण पहिला सव्वा महिना ते हिशेबात धरू नयेत. त्यांना दूध पाजण्यापलीकडे काम सांगणं हा गैरव्यवहार आहे. आजीचे दोन, वजा गुडघे. आजोबांचेही दोन, मात्र वर्तमानपत्र खाली ठेवेपर्यंत शून्य. मालिशवाल्या बाईंचे हात सगळ्यांत जाणते, पण ते तासाभरापुरते. खरी अडचण वडिलांच्या हातांची. त्यांची मोजणी सरकारनेच करून ठेवली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनांतल्या आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांना १५ दिवस मिळतात, आणि खासगी नोकरीतल्या वडिलांच्या रजेबद्दल कायदा मौन पाळतो, मालकाची मर्जी चालते. म्हणजे घरातले सगळ्यांत धडधाकट दोन हात कागदोपत्री पाहुण्यांचे. ते रिकामे नसतात म्हणून रात्री अकरा वाजता मोबाइलवर पाळणे मागवत बसतात, याचं आम्हाला नवल वाटत नाही.

‘घरात माणसं नाहीत म्हणूनच यंत्र घेतो, यात चुकलं काय?’ हा आक्षेप रास्त आहे आणि तो आम्ही निम्मा मान्य करतो. तान्ह्याला दिवसाला दहा-बारा लंगोट लागणं ही नेहमीची गोष्ट. जुलैत जन्मलेल्या बाळाचे लंगोट दादर किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाळवायचे म्हणजे घराचा मांडव होतो. अशा घराने धुलाई यंत्र घ्यावं, पंख्याखाली उभा राहणारा वाळवण्याचा स्टँड घ्यावा, रात्रीपुरते डायपरही बिनधास्त घ्यावेत, आणि ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही’ हे वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं करावं. जे यंत्र धुणं-भांडी आपल्या अंगावर घेतं ते घरातले दोन हात मोकळे करून बाळाकडे पाठवतं. जे यंत्र थेट बाळालाच हातातून काढून घेतं, ते कोणते हात मोकळे करतं आणि मोकळे झालेले हात पुढे काय धरतात, हे खरेदीदाराने मनाशी प्रामाणिकपणे पाहावं. बहुधा मोबाइल.

वॉकरचं उदाहरण घ्या. चाकांच्या गोल चौकटीत बसवलेलं मूल सेकंदाला तीनेक फूट जाऊ शकतं. जिना, गॅस, उकळता चहा यांपैकी जे जवळ असेल तिथे ते मोठ्यांच्या आधी पोहोचतं. त्यामुळे चालायला लवकर येतं हा समजही खोटा. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात सगळंच बंद केलं. आपल्याकडे तो अजून बारशाच्या भेटींत दिमाखात येतो. गंमत म्हणजे त्याच्या जागी आपल्याकडे पांगुळगाडा होताच. तीन चाकांचा, लाकडी, आणि मूल त्याच्या आत नव्हे तर मागे, स्वतःच्या पायांवर उभं. ढकलल्याशिवाय तो जात नाही, आणि मूल आपल्या ताकदीपलीकडे ढकलत नाही. दूध पाजण्याच्या बाटलीचंही असंच. १९९२ च्या कायद्याने तिच्या जाहिरातीलाच देशात बंदी आहे, तरी यादीत ती निर्जंतुक करण्याच्या यंत्रासकट दुसऱ्या क्रमांकावर असते. आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं आणि वाटी-चमचा झाकणाच्या पातेल्यात उकळता येतो. पातेलं घरात असतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

इथे जुन्या पिढीला विजयाचा आनंद होण्याआधी एक अप्रिय कलम. हात मोजताना ते तपासायलाही हवेत. जन्मल्याबरोबर मध चाटवणारा हात प्रेमळ असेल, पण वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमसारखं गंभीर दुखणं होऊ शकतं. डोळ्यांत काजळ घालणारा हात, बंद खोलीत धुरी देणारा हात, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी सरकवणारा हात, हे सगळे अनुभवी असले तरी त्यांना नम्रपणे दुसरं काम द्यावं. बाळ वर्षाचं होईपर्यंत उशी नको, सपाट, कडक गादीवर उताणं झोपवा, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. थोडक्यात, आजीची उशी आणि दुकानातली महागडी मऊ लोड-तक्क्यांची गादी एकाच कारणासाठी नापास. निकाल देताना आम्ही वय पाहिलेलं नाही.

हातांनी किती भागतं याचा पुरावा बोगोटाहून येतो. १९७८ च्या सुमारास तिथल्या रुग्णालयात कमी वजनाची बाळं जास्त आणि उबेच्या पेट्या कमी, अशा अडचणीत डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. नाइलाजाने सुचलेला हा उपाय आज जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी मुद्दाम सुचवते. आई थकली तर वडिलांची छातीही चालते. नवजात बाळाला नीट दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे कुशीत घेतल्यावर समोर येणाऱ्या चेहऱ्याएवढ्या अंतरावरचं. छताला टांगलेली रंगीत फिरती खेळणी पहिले काही आठवडे पाहुण्यांसाठीच असतात.

एका ठिकाणी मात्र हा सिद्धान्त साफ कोसळतो, आणि ते ठिकाण म्हणजे गाडी. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून दशांश सेकंदात थांबली, तर मांडीवरचं चार किलोचं बाळ त्या क्षणापुरतं ४५ किलोचं होतं. इतकं वजन कुणाचीही आजी धरू शकत नाही. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेलं नसेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून हजार रुपये दंड आहे. रिक्षाने घरी जाणाऱ्यांना आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे कबूल. पण ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसणारं आसन प्रसूतीआधीच घ्यावं आणि ते नीट बसवून पाहावं. यावर ‘रडेल ना ते, मी घेते की मांडीवर’ असं उत्तर हमखास येतं. जिथे हात पुरतात तिथे आपण यंत्र घेतो, आणि जिथे हात हरतात तिथे हातांवर भिस्त ठेवतो. यादी पुन्हा उघडून पाहा : बॅटरीचा पाळणा आहे, वॉकर आहे, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र आहे. आसन नाही. गाडीच्या मागच्या काचेला लावायचा ‘बेबी ऑन बोर्ड’चा पिवळा स्टिकर मात्र आहे, दोन नग.