खोल्या रिकाम्या ठेवण्याची सोपी कृती

दिवाळी जवळ आली की गणपतीपुळ्याच्या आसपासच्या निवास-न्याहारीवाल्यांसमोर एक जुने संकट उभे राहते: गिऱ्हाईक येते. चादरी धुवा, नारळ खवा, रात्री अकराला कुणाला तरी अंघोळीचे गरम पाणी हवे असते ते द्या. पूर्वी ही दगदग ‘जागा नाही’ अशा पाटीने टाळता येई. पाटी मात्र दारापर्यंत आलेल्या माणसालाच अडवते. आता वेबसाइट आहे. ती गिऱ्हाइकाला घाटातच अडवते आणि नकार दिल्याचा वाईटपणाही मालकाकडे येत नाही. तिचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात.

साहित्य फार लागत नाही. २४ इंची पडद्याचा संगणक, घरचे वाय-फाय, ड्रोनने काढलेला समुद्राचा व्हिडिओ आणि ‘कॉम्प्युटरचं बघणारा’ एक भाचा.

सर्वप्रथम मालकाने वेबसाइट फक्त त्या २४ इंची पडद्यावर पाहावी आणि ‘झकास’ म्हणावे. पुढचे सगळे या एका शब्दावर उभे आहे. मोबाइलवर ती उघडून पाहण्याचा मोह आवरावा. पाहायचीच तर मालकाच्या महागड्या फोनवर, वाय-फायखाली बसून पाहावी. आंबा घाटातून उतरणाऱ्या गाडीत, मांडीवर नातू घेऊन, एका हाताने स्वस्तातला फोन धरून बसलेल्या कोल्हापूरच्या काकूंचा विचार मनात आणू नये. खोली त्याच ठरवणार आहेत, हा तपशील गौण.

मग भाच्याला एक ओळ काढून टाकायला सांगावी. २००७ साली आयफोन आला तेव्हा जगातली बहुतेक पाने मोठ्या पडद्यासाठी बांधलेली होती. म्हणून त्याचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून चाले आणि ते आवळून छोट्या पडद्यात बसवी. ‘असे करू नकोस, फोनची खरी रुंदी धर’ असे सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ ॲपलनेच पुढे आणली. ती पानात नसेल तर आजही फोन जुन्याच हिशोबाने चालतो. बहुतेक अँड्रॉइड फोनची रुंदी या मापात ३६० च्या आसपास, म्हणजे अक्षरे साधारण एकतृतीयांश होतात. खोलीचे भाडे मुंग्यांच्या रांगेसारखे दिसू लागते. कुणी चिमटीने मोठे करून वाचेल अशी भीती वाटत असेल, तर मोठे करण्यावर बंदी घालणारी सूचनाही उपलब्ध आहे. आयफोनच्या सफारीने २०१६ पासून ती ऐकणे सोडले, तेव्हा तेवढी गिऱ्हाइके हातची जातील, म्हणजे येतील. इलाज नाही.

पडदा लहान-मोठा असेल तसे पान आपोआप बेतून घेणाऱ्या रचनेला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव इथन मार्कोट यांनी मे २०१० मधल्या एका लेखात दिले. हा लेख वाचलेला माणूस कामाला ठेवू नये.

छायाचित्रांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. कॅमेऱ्यातून निघालेले ६ एमबीचे चित्र जसेच्या तसे चढवावे आणि अशी पाच चित्रे सरकत्या पट्टीत लावावीत. झाले ३० एमबी. घाटात सेकंदाला २ मेगाबिट एवढा वेग मिळाला, तर ती उतरायला बरोबर दोन मिनिटे लागतात. पानावरची सर्वांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांत दिसली तर गूगल तिला ‘चांगले’ म्हणते. इथे दोन मिनिटांत गाडी तीन वळणे उतरते आणि रेंज जाते. ड्रोनचा व्हिडिओ सगळ्यांत वर, आपोआप सुरू होणारा ठेवावा. मालकाला तो पाठ आहे, पण काकूंना समुद्र प्रत्यक्ष बघायचा आहे हे विसरावे.

चित्रांची लांबी-रुंदी पानात आधी लिहून ठेवू नये. मग चित्र उशिरा उतरते आणि उतरताना खालचा मजकूर ढकलते. काकू ‘फोन करा’वर अंगठा टेकवणार तेवढ्यात ते बटण खाली घसरते आणि अंगठा ‘आमची वाटचाल’वर पडतो. तिथे संस्थापक आजोबांचा फोटो आहे, तोही ६ एमबीचा.

बटणे शक्य तितकी बारीक आणि एकमेकांना खेटून असावीत. बोटाने दाबायच्या जागेसाठी ॲपल ४४ पॉइंटांचे माप सांगते, गूगल ४८ चे सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या मानकाने किमान २४ पिक्सेलवर भागवले आहे. ही सगळी मापे माणसाच्या बोटाकडे बघून ठरली. ‘बुक करा’ आणि ‘रद्द करा’ शेजारी शेजारी, दहा-दहा पिक्सेलची ठेवली की बोटाकडे बघण्याचे कारणच उरत नाही.

फोन नंबर ही सर्वांत धोक्याची वस्तू. तो मजकूर म्हणून लिहून त्याला ‘टेल’ची कडी जोडली, की अंगठा लागताच नंबर थेट डायलरमध्ये भरला जातो. म्हणून तो गेल्या वर्षीच्या हँडबिलाच्या फोटोतच, खाली उजव्या कोपऱ्यात राहू द्यावा. काकू पहिले पाच आकडे पाठ करतात, डायलरवर जातात, उरलेल्या पाचांसाठी परत येतात. तोवर पान पुन्हा उतरू लागलेले असते. पेन आहे का, असे त्या गाडीत विचारतात. कुणाकडेच नसते.

दरपत्रकाची पीडीएफ द्यावी. ए-४ कागदाची, आडवी. याला स्पष्टीकरण लागत नाही.

मराठी मजकूर असेल तर संधी दुप्पट. हँडबिल छापणाऱ्याकडची श्री-लिपीतली जुनी फाइल घ्यावी आणि मजकूर तसाच पानात चिकटवावा. त्या काळच्या अशा फॉन्टांमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट फोनमध्ये नाही, त्यामुळे ‘घरगुती जेवण’च्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हांची मिसळ वाढली जाते. भाचा हट्टी असेल आणि युनिकोडच वापरणार असेल, तर निदान शीर्षकातल्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायला सांगावी. इंग्रजी अक्षरांना ती ऐटदार दिसते, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा हसू लागतो. ओळींमधले अंतर इंग्रजी पानाच्या साच्याप्रमाणेच घट्ट ठेवावे. मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांवर आणि मात्रांवर आदळतात, आणि ‘दूध’ आहे की ‘दध’ यावर गाडीत चर्चा रंगते.

आरक्षणाचा अर्ज चौदा रकान्यांचा असावा. पिनकोडच्या रकान्यात अक्षरांचा कीबोर्ड उघडावा. रकान्यातली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवली, की आयफोन तिथे टेकताच पान आपणहून मोठे करतो आणि ‘पाठवा’चे बटण पडद्याबाहेर जाते. ही सोय फुकटात मिळते.

एवढे करूनही कुणी टिकलेच, तर पडदा झाकून ‘आमचे ॲप डाउनलोड करा’ अशी खिडकी उघडावी. मजकूर झाकणाऱ्या अशा खिडक्यांच्या पानांना जानेवारी २०१७ पासून शोधात मागे सारू शकतो, असे गूगलने जाहीर केलेले आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. मोठ्यांनीही ही वाट चोखाळलेली आहे: मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲपवर दुकान ठेवले आणि जून २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. तीन खोल्यांच्या निवासाने वर्षभरात माघार घेऊ नये.

यावर मालक म्हणेल, मोठ्या पडद्यावर तर सगळे छान दिसते, तिथून कुणी आले म्हणजे? काळजी नको. गूगल आता पाने फोनच्या नजरेने वाचते. तो बदल पूर्ण झाल्याचे त्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले. मोठ्या पडद्यावर असलेले पण फोनच्या पानातून काढून टाकलेले त्याच्या हिशोबात धरलेच जात नाही.

एकच सावधगिरी. शेजारच्या वाडीतल्या माणसावर लक्ष ठेवावे. त्याच्याकडे एकच पान आहे: घराचे नाव, लहान केलेली तीन चित्रे, भाडे, नकाशाची कडी आणि अंगठ्याएवढा फोन नंबर. ना व्हिडिओ, ना वाटचाल. मालकाच्या भाच्याने ते पाहून नाक मुरडले होते. काकूंची गाडी साखरप्याला चहाला थांबली, तेव्हा रेंज परत आली. ड्रोनचे चक्र अजून फिरत होते. त्यांनी मागे, शोधाच्या यादीत जाऊन खालचे नाव दाबले, नंबरवर अंगठा टेकवला आणि कपातला चहा संपायच्या आत दोन रात्री ठरल्या. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतील, एवढेच त्या माणसाने बजावले.