पिशवी की बिनपिशवी?

प्रत्येक सोसायटीत एक अभ्यासू ग्राहक असतो. साधा पंखा घ्यायचा तरी तो प्रबंध लिहायला बसतो. मिक्सर, गादी, गिझर या परीक्षा त्याने यथावकाश पार केलेल्या असतात. पण व्हॅक्यूम क्लीनरपाशी त्याचं घोडं अडतं. पिशवीचा घ्यावा की बिनपिशवीचा? दुकानातल्या पोराला तो बजावतो, "वॉट सांगू नका, एअरवॉट सांगा, म्हणजे धूळ ओढण्याची खरी ताकद." पोरगा त्याला बिनव्याजी हप्ते समजावून सांगतो. दोघेही आपापल्या विषयातले तज्ज्ञ असल्यामुळे संवाद तिथेच संपतो. इकडे घरात धूळ साचत राहते, पण त्याचं त्याला दुःख नसतं. अभ्यासाचं साहित्य वाढलं तर कोणता अभ्यासक तक्रार करेल?

त्याच्या माहितीला मात्र नाव ठेवता येत नाही. 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथने लंडनमध्ये धूळ ओढणारं यंत्र काढलं, ते घोडागाडीवरून यायचं आणि रस्त्यावरच उभं राहायचं. नळ्या तेवढ्या खिडकीतून घरात जायच्या, हे तो न विचारता सांगतो. सॉ मिलमधला भुसा हवेतून वेगळा करणारं यंत्र पाहून जेम्स डायसनने बिनपिशवीचा क्लीनर करायला घेतला आणि त्यासाठी 5127 नमुने केले, हे सांगताना तर त्याचा ऊर भरून येतो. एवढे नमुने करणारा माणूस घाई करत नव्हता, मग आपण का करावी? दोन्ही बाजू त्याला पाठ असतात. पिशवीच्या यंत्रात हवा पिशवीतून गाळून बाहेर पडते. पिशवीची छिद्रं बुजत जातात तसं सक्शन उतरतं. बिनपिशवीच्या यंत्रात हवा गरगरा फिरते, धूळ डब्याच्या कडेला फेकली जाते. अगदी बारीक धूळ फिल्टरवर बसते आणि तो फिल्टर साफ करत राहावा लागतो. इकडे पिशव्यांचा खर्च, तिकडे डबा उपडा करताना उडणारा धुरळा. त्याने केलेल्या तुलनेच्या तक्त्यात दोघांचे गुण सारखेच होतात, की हा आणखी एक रकाना वाढवतो.

वाढवलेल्या रकान्यांतही एक रकाना कधीच नसतो: धूळ टाकणार कोण? खरं तर सगळा निकाल त्याच रकान्यात आहे. कोणतंही यंत्र धूळ नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतं. शेवटी ती कुणाच्या तरी हातूनच कचऱ्यात जाते. पिशवीवाला पैसे मोजून हात स्वच्छ ठेवतो, बिनपिशवीवाला हात मळवून पैसे वाचवतो. तक्ता करणाऱ्याचे हात मात्र दोन्हीकडे कोरडे, कारण ते काम बायकोचं नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींचं, हे त्याने अभ्यासाआधीच गृहीत धरलेलं असतं.

यावर त्याचे आक्षेप तयार असतात. पिशव्या जन्मभर विकत घ्याव्या लागतात, हा पहिला. मान्य, पण फिल्टरही अमरपट्टा घेऊन येत नाही. शिवाय खर्चाला भिणारा हाच गृहस्थ एकदा वापरून टाकायची पिशवी गॅलरीत झटकून पुन्हा बसवतो, म्हणजे पैसे पिशवीचे आणि धुरळा बिनपिशवीचा. अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर असला की दमेकऱ्याला कसलाच त्रास नाही, हा दुसरा. फिल्टर राखण करतो ती यंत्र चालू असताना. डब्याचं झाकण उघडलं की मधे कोणीच नसतं. तिसरा आक्षेप बराच अभ्यास झाल्यावर येतो: आपल्याकडे गालिचे कुठे, फरशीला केरसुणी पुरते. फरशीपुरतं हे अगदी बरोबर आहे, पण गादी, सोफा आणि खिडकीची जाळी यांच्यापुढे केरसुणी हात टेकते.

तेव्हा निकाल असा. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल आणि त्या मॉडेलच्या पिशव्या सहज मिळत असतील, तर पिशवीचा घ्यावा. एरवी बिनपिशवीचा चालेल, फक्त डबा कचऱ्याच्या पिशवीत खोल घालून रिकामा करावा. आणि शेवटचा शब्द, जो धूळ टाकणार त्याचा. अभ्यासू ग्राहकाला हे पटत नसेल, तर डबा रिकामा करण्याचं काम कायमचं त्याच्याकडे द्यावं. आठवड्याच्या आत तो पिशवीच्या बाजूने मत देईल.