दंतरोधक आमिषाचा उपासक

यवतमाळ जिल्ह्यातील बेंबळा, अरुणावती, पूस आणि इसापूर या जलाशयांच्या काठी रविवारी आढळणाऱ्या मनुष्यप्रकारांत ‘आमिष-बळकटकार’ हा स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. पोटासाठी जाळे टाकणाऱ्या भोई-ढीवरांशी त्याचा संबंध केवळ शेजाराचा. तो बहुधा शिक्षक, बँकेतील कारकून किंवा कृषी सेवा केंद्राचा मालक असतो. त्याचा जीव जडलेला असतो तो माशावर नव्हे, तर ल्यूरवर, म्हणजे बेडूक वा लहान मासा भासावा अशा बेताने घडविलेल्या आणि पोटाखाली गळ बाळगणाऱ्या कृत्रिम आमिषावर.

या आमिषाचे वैरी दोन: मरळ आणि शिवडा हे मासे. मरळीच्या जबड्यात अणकुचीदार दात असतात. शिवड्याचे तोंड डोळ्यांच्याही मागे फाटलेले असून त्यात आत झुकलेल्या बारीक दातांचे पट्टे असतात, त्यामुळे एकदा आत गेलेली वस्तू, नातेवाइकाला दिलेल्या उसनवारीप्रमाणे, सहसा परत येत नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, या दातांवर घासून झिजतो. म्हणून बळकटकार तंगूस आणि आमिष यांच्यामध्ये सायकलच्या ब्रेकवायरीतून उसवलेली पोलादी तार जोडतो. येथपर्यंत त्याचे वर्तन समंजस मानावे लागते.

मग तो आमिषाच्या लाकडाकडे वळतो. पांगाऱ्याचे लाकूड हलके, तरंगणारे आणि चाकूला वश होणारे असते, परंतु मऊ असल्याने त्यात दात रुततात, भोकांतून पाणी शिरते, लाकूड फुगते आणि रंगाचे पोपडे निघतात. शिवाय अशा लाकडात पिळून बसविलेली गळाची कडी मोठ्या माशाच्या हिसक्याने उपटून येते. यावर त्याने योजिलेला उपाय खरोखर नामी आहे: तोंडापासून शेपटीपर्यंत सायकलचा आरा आरपार घालून गळ त्यालाच अडकवायचे, म्हणजे शरीराचा चोथा झाला तरी मासा सुटत नाही. दुर्दैवाने बळकटकाराला चोथाही मान्य नसतो.

म्हणून तो इपॉक्सीचे, म्हणजे दोन नळ्यांतील द्रव्ये एकत्र कालवल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचे, थरावर थर चढवितो. प्रत्येक थर वाळेपर्यंत घरातील पंखा त्याच्या आमिषासाठी राखीव असतो आणि पत्नीची नेलपॉलिश डोळे रंगविण्याच्या कामी खर्ची पडते. परीक्षा पक्कडीच्या चाव्याने होते. या जातीचे काही कडवे नमुने स्वतःच्या दाढेनेही खातरजमा करतात आणि सोमवारी दंतवैद्याकडे दिसतात. पाचव्या थराला आमिष अभेद्य होते, मात्र तरंगायचे थांबते, आणि पृष्ठभागावर उड्या मारण्यासाठी घडविलेला बेडूक दगडासारखा तळ गाठतो.

दिवसअखेर ते आमिष निष्कलंक परत येते. त्यावर एकही ओरखडा नसल्याचे तो भेटेल त्याला दाखवितो आणि हा आपल्या तंत्राचा विजय असल्याचे तपशिलासह समजावतो. बाजूला गांडूळ लावून बसलेल्या, आणि ज्याच्या पिशवीत तोवर दोन मरळी वळवळत असतात अशा पोराला मात्र शंका येते: “काका, पर याले मासोयीनं तोंड तरी लावलं काय?”

बळकटकार आमिष उन्हात धरून त्याची चकाकी न्याहाळतो आणि सहावा थर अजून बाकी असल्याचे सांगतो.