पाचव्या मजल्यावरचा मे महिना

2015 साली पंतप्रधान आवास योजना आली आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाचा संसार 30 चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्रात मावतो, असं सरकारी गणित ठरलं. नागपूरच्या कडेला तरोडी, वांजरीकडे इमारती उभ्या राहिल्या. अशा घरांच्या नकाशात सगळं असतं: हॉल, बेडरूम, किचन, संडास, बाथरूम. राहून जातो तो फक्त मे महिना.

नागपुरी मे म्हणजे 45 अंश आणि कपाटाएवढा लोखंडी कूलर. जुन्या घरी तो अंगणात घोडीवर ऐटीत बसायचा. इथे खिडकीबाहेर अँगलवर जीव मुठीत धरून लटकतो. पंप सुरू झाला की खालून हाक येते, "काहून वो काकू, तुमच्या कूलरचं पाणी आमच्या कुरडयाईवर पडून राह्यलं ना!"

काकूंचाही इलाज नाही. आणि कुरडयांचा तर मुळीच नाही. गच्चीला कुलूप, किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष लग्नाला अमरावतीला. मग पलंगावर धुतलेलं लुगडं अंथरून, पंख्याखाली वाळवण. रोडग्यांसाठी आणलेलं गोवऱ्यांचं पोतं लिफ्टमध्ये चढवावं की जिन्याने, यावर सभा झाली. तोवर लिफ्टच बंद पडली आणि प्रश्न एकमताने सुटला.

लाभार्थ्यांचं राहणीमान उंचावलं, असं अहवाल सांगतो. उंचावलंच. सडा टाकायला रोज सकाळी पाच मजले खाली उतरावं लागतं, एवढंच.