गडद भिंत : पूर्वतयारी, अंमलबजावणी व जनमत

हॉलची भिंत ऑफ व्हाइटच असावी असा कायदा नाही, तरी तो मोडण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावी लागते. प्रस्ताव मांडताना 'मरून', 'टेराकोटा', 'चॉकलेट' हे शब्द टाळावेत. 'गेरू' म्हणावे. विरोध तिथेच निम्म्यावर येतो. तुळशीवृंदावनाला गेरू, कुंड्यांना गेरू, वारली घरांच्या भिंतींना गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची चित्रे. अजिंठ्याच्या चित्रकारांचा तांबडाही गेरूचाच. इतक्या पुराव्यानंतर उरतो एकच आक्षेप, "घर काळोखं दिसेल." पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी 80 टक्क्यांहून अधिक परत फेकते आणि गडद विटकरी जेमतेम 10 टक्के, ही माहिती या वेळी आपल्यापाशीच ठेवावी.

भिंत निवडताना खिडकीची भिंत वगळावी. तिच्यावर उजेड पडतच नाही, त्यामुळे तिथे कोणताही गडद रंग काळाच दिसतो. शेड कार्डावरच्या टिकलीएवढ्या चौकोनावर विश्वास ठेवू नये. तोच रंग अख्ख्या भिंतीवर अंगावर येतो. मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन हात मारून शीट भिंतीला चिकटवावी आणि सकाळी, दुपारी व दिवेलागणीला पाहावी. घरातला प्रत्येक जण येता-जाता मत देईल. ऐकून घ्यावे, लिहून घेऊ नये.

खरी लढाई ट्यूबलाइटशी आहे. 6500 केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडात तोच ऊबदार विटकरी रंग कलेजीसारखा दिसतो. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर दिवा लावला की भिंत शुद्धीवर येते. पण ट्यूब काढता येत नाही, कारण तिच्याखाली बाबा पेपर वाचतात आणि पिवळ्या उजेडात म्हणे त्यांना अक्षरे नीट दिसत नाहीत. (पिवळ्या बल्बखालीच त्यांची मॅट्रिक झाली, हा मुद्दा काढू नये.) म्हणून ट्यूब राहू द्यावी, पिवळ्या दिव्यांना वेगळे बटण घ्यावे आणि पाहुण्यांची बेल वाजली की त्या बटणाजवळ आधी आपण पोहोचावे.

पेंटर म्हणेल, "दोन हातांत होईल." त्याला प्रेमाने चहा द्यावा आणि तिसऱ्या हाताचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. खालचा रंग झाकण्याचे मुख्य काम टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य करते, आणि गडद शेडच्या बेसमध्ये ते नसते किंवा नावापुरते असते. तांबड्याचे तर विचारूच नका. प्रायमर करड्या झाकेचा मारला तर एखादा हात वाचतो. लांबी भरून पॉलिश पेपर मारून झाला की संध्याकाळी टॉर्च भिंतीला आडवी लावून पाहावी. बिल्डरने प्लास्टरमध्ये दडवलेल्या सगळ्या डोंगर-दऱ्या तेव्हा दिसतात आणि तेव्हाच दुरुस्त होतात. चकचकीत फिनिश त्या पुन्हा जगाला दाखवते, म्हणून मॅट घ्यावे. मॅटचा दोष एवढाच की घासले की तिथे चकाकी येते. सोफा भिंतीला टेकून असेल तर सहा महिन्यांत त्याच्या वर, तेल लावलेल्या डोक्यांच्या उंचीवर, ओळीने गोल उमटतात. सोफा वीतभर पुढे ओढावा.

भिंतीत ओल असेल तर हा लेख इथेच मिटावा. लोण्याचे पांढरे नकाशे ऑफ व्हाइटवर खपून जातात, गेरूवर जिल्ह्यांच्या सीमांसकट दिसतात. खिळ्यांचेही तेच. कॅलेंडरची जागा बदलली की आतली पांढरी लांबी डोळे वटारते, आणि तेवढ्यापुरता ब्रश फिरवला तर डाग आणखी मोठा दिसतो. रंगवायचे तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्यासाठी उरलेला रंग झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवावा आणि शेड नंबर वेगळ्या कागदावर लिहावा. डब्यावरचा नंबर रंगाच्या ओघळाखाली जातो.

काम झाल्यावर समोरचे काका येतील. दारातूनच म्हणतील, "थोडं लाइट चाललं असतं." आपण चहा टाकावा, पिवळे बटण दाबावे आणि दिवाळीपर्यंत थांबावे. दिवाळीच्या आधी ते हळूच शेड नंबर विचारायला येतात. द्यावा. शेवटचा आकडा मात्र आपल्या मर्जीने सांगावा.